उंचीला भिणारा डोंगर

आत्तींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. त्या डोळ्याला पट्टी लावून पलंगावर पडल्या होत्या आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत एकटीच हसत होते. हसणं काही मोठं नव्हतं. पण बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरात दोन खोल्यांमधली भिंत नावापुरतीच आहे, आणि डोळा झाकलेल्या माणसाला ऐकू जरा जास्तच येतं.

"कोण आलंय गं?" आत्तींनी आतून विचारलं.

"कोणी नाही, आत्ती."

"मग हसतीस कुणासंगं?"

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती निपाणीजवळच्या एका खेड्यात एकट्या राहायच्या. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम करून त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवलं. सासरे मी पाहिलेच नाहीत. मुलगा बँकेत लागला, बेळगावात आमचं बिऱ्हाड झालं, तरी आत्तींनी गाव सोडलं नाही. दिवाळीनंतर कधीतरी चार-आठ दिवस यायच्या, आणि आल्या तरी फारसं बोलायच्या नाहीत. 'व्हय', 'न्हाय', 'असूं दे', 'बघू' एवढ्यात त्यांचा दिवस निघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी कधी गप्पा मारत बसलोय असं मला आठवत नाही.

त्यांच्याविषयी माझं एक मत मात्र पक्कं होतं. माझं वाचन त्यांना आवडत नाही. त्या आल्या की मी हातात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. त्या एकदा पुस्तकाकडं, एकदा माझ्याकडं बघायच्या आणि काही न बोलता केरसुणी उचलायच्या. त्याचा अर्थ लावायला मला वेळ लागायचा नाही. मी पुस्तक ठेवून उठायचे, केरसुणी मागायचे, त्या द्यायच्या नाहीत, आणि मग दिवसभर मला टोचणी लागून राहायची.

म्हणून त्या दुपारी मी जरा दबकतच म्हणाले, "पुस्तक वाचतेय."

"पुस्तकात हसायला काय असतंय?"

आता काय सांगणार? मी पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी शिकवते. घरी कपाटात दर्शनी भागात वजनदार ग्रंथ आहेत. पण मी स्वतःच्या आनंदासाठी वाचते ती पुस्तकं त्यांच्या मागच्या रांगेत असतात. विनोदी अद्भुत कादंबऱ्या. त्यांत राजे असतात, जादूगार असतात, राक्षस असतात, आणि सगळ्यांना आपल्यासारख्याच अडचणी असतात. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं शेजाऱ्याशी पटत नाही. स्टाफरूममध्ये मी त्यांचं नाव काढत नाही. नवरा म्हणतो, "पोरीची पुस्तकं तू वाचतेस, आणि पोरगी वाचत नाही."

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून खरं तेच सांगितलं. "एक डोंगर आहे, आत्ती. त्याला उडता येतं. पण त्याला उंचीची भीती वाटते."

बोलून झाल्यावर मलाच लाजल्यासारखं झालं. गल्लीच्या टोकाला एक माग अजून चालतो, त्याची खडखड तेवढी ऐकू येत राहिली. मग आत्ती म्हणाल्या, "बरं," आणि गप्प झाल्या. मी समजले, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. मान मागं, डोळा मिटलेला, गालावरून एक थेंब ओघळतोय, आणि आत्तींनी विचारलं, "उडाला काय?"

"कोण?"

"त्यो डोंगर."

अशी सुरुवात झाली. डॉक्टरांनी टीव्ही बंद सांगितला होता, चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. एक डोळा झाल्यावर महिनाभरानं दुसरा करायचा होता, म्हणजे हिवाळाभर त्या आमच्याकडंच राहणार होत्या. नवऱ्याची बदली विजयपूरला झालेली, तो पंधरा दिवसांनी एखाद्या शनिवारी यायचा. मुलगी धारवाडला हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघीच. कॉलेजातून आले की मी चहा टाकायची, आत्ती पलंगावर भिंतीला टेकून बसायच्या, मी पायाशी खुर्ची ओढायची, आणि इंग्रजी पानावर बोट ठेवून मराठीत सांगत जायची.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिकवल्यासारखी सुरू झाले. "त्या पर्वताच्या मनात समुद्रदर्शनाची तीव्र इच्छा निर्माण झाली..."

"सरळ सांग की," आत्ती म्हणाल्या. "त्याला समुद्र बगायचा व्हता."

तेव्हापासून त्या पुस्तकातली सगळी माणसं निपाणीकडचं बोलायला लागली. राजा म्हणायचा, "प्रधानजी, लई उशीर केलासा." आणि डोंगर म्हणायचा, "मला न्हाय जमायचं रं बाबांनो, मला गरगरतंय." माझं माहेर बेळगावातलं, शाळा-कॉलेजात माझी बोली घासूनपुसून सपाट झालेली. एखादा शब्द चुकला की आत्ती दुरुस्त करायच्या. गंमत म्हणजे इंग्रजीत ज्या विनोदावर मी नुसती गालात हसले होते, तो त्या बोलीत सांगताना मला इतकं हसू यायचं की वाक्य पुरं होत नसे.

आत्ती मात्र माझ्यासोबत हसत नव्हत्या. त्या हसायच्या, पण भलत्याच ठिकाणी.

एक प्रकरण होतं, त्यात जादूगारीण रागाच्या भरात प्रधानाचा बोकड करते. बोकड दरबारात येऊन आपल्या जागी बसतो, मान डोलावतो, मधूनच कागद खातो, आणि वर्षभर कुणाच्या काही लक्षातच येत नाही. मला वाटलं, यावर आत्ती नक्की हसतील. मी मुद्दाम थांबून त्यांच्याकडं बघितलं.

"फुडं?" त्या म्हणाल्या.

"आत्ती, प्रधान बोकड झालाय, आणि कुणाला कळत नाही!"

"मग? काम अडलंय काय कुणाचं?"

त्यावर मीच इतकी हसले की पुस्तक खाली पडलं, आणि त्या शांतपणे बसून राहिल्या.

आणि मग ते चिंचेचं. डोंगर उडायच्या आधी अंगावरच्या एकेका झाडाची परवानगी घेत फिरतो, कारण त्यांची मुळं हलणार असतात. मूळ पुस्तकात दुसरंच कुठलं विलायती झाड होतं, मी त्याची चिंच केली. चिंच सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "माझी काय हरकत न्हाय, पण घरात इचारून सांगते." मला ते वाक्य साधंच वाटलं होतं. पण आत्ती हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग पदर तोंडाला लावला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी मी घाबरले. नव्या शस्त्रक्रियेचा डोळा! "आत्ती, पुरे, डोळ्याला ताण येईल." त्या हात हलवून मला गप्प करायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "घरात इचारून सांगते!" आणि पुन्हा हसायच्या.

"काय आठवलं, आत्ती?"

"काय न्हाय गं."

"सांगा की."

"काय न्हाय. वाच तू."

त्यांना काय आठवलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोण होतं ते, जे घरात विचारून सांगतो म्हणालं होतं? वखारीतली मैत्रीण? त्या स्वतः? आमचे सासरे? मी नंतर कितीतरी वेळा अंदाज करून बघितले. अंदाजच ते.

आमच्या कॉलेजात मी पोरांना सांगत आले होते की कादंबऱ्या वाचल्या की माणसाला दुसऱ्याचं मन कळायला लागतं. ते शिकवताना मला ते पटलेलंही असायचं. पण पुस्तकातल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगतो म्हणून कळतं. इथं माझ्यासमोर हातभर अंतरावर जे माणूस बसलं होतं, ते पुढच्या पानावर हसेल की नाही, एवढंसुद्धा मला सांगता येत नव्हतं. आणि मला ते फार आवडायला लागलं होतं. कॉलेज सुटायच्या आधीपासून मी मनात म्हणायची, आज कुठं हसतील? रिक्षात बसल्याबसल्या आजची पानं चाळून अंदाज बांधायची. एकदाही बरोबर आला नाही.

समुद्राचंही तसंच. डोंगराला समुद्र का बघायचाय ते समजावं, म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून आत्तींना समुद्र समजावून सांगायला लागले. किती मोठा असतो, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा कशा येतात. आत्तींनी सगळं ऐकून घेतलं.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "बगितलाय मी."

"तुम्ही? कधी?"

"वखारीतल्या बायका मिळून गेलतो. ट्रकातनं. घाट उतरून."

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आईनं? छे. आई निपाणी-बेळगावच्या पलीकडं कधी गेली नाही." मी आत्तींना विचारलं, कसा वाटला समुद्र? त्यांनी बराच वेळ विचार केला.

"खारट," त्या म्हणाल्या.

बघता बघता माझं त्यांच्याविषयीचं मत ढिलं पडत चाललं होतं. त्यांना मात्र मी पूर्ण कळलेली असावी, असं वाटायला लावणारी एक गोष्ट घडली. पुस्तकाच्या मध्यावर एक नावाडी मरतो. विनोदी पुस्तक असलं तरी ती पानं हलकी नाहीत. त्याची म्हातारी बायको त्याची होडी उलटी करून ठेवते आणि तिच्या सावलीत बसून राहते. मी ती पानं आदल्या दिवशी वाचली होती. सासऱ्यांचा विषय घरात कधी निघत नसे, म्हणून मी ठरवलं, हे गाळायचं. त्या संध्याकाळी मी नावाडी दुसऱ्या गावाला गेला म्हणून सांगितलं आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.

"थांब," आत्ती म्हणाल्या. "काय तरी गाळलीस."

"नाही, आत्ती."

"गाळलीस. गाळताना तू घसा खाकरतीस. परवाबी खाकरलीवतीस, तवा चावट काय तरी व्हतं, व्हय न्हवं?"

परवा खरंच होतं. माझे कान तापले.

"मेला काय त्यो नावाडी?"

मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, तरी त्यांना ते कळलं.

"मग वाच की. मेल्यालं माणूस मला नवं हाय व्हय?"

मी वाचलं. होडीच्या सावलीत बसलेल्या बाईचं वर्णन सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आत्ती चहाची कपबशी हातात धरून तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "चांगलं लिवलंय." त्या सबंध पुस्तकाविषयी त्यांनी दिलेला अभिप्राय तेवढाच.

दुसरा डोळा झाला. पट्टी निघाली, चष्मा आला. आत्तींना आता लख्ख दिसायला लागलं. संध्याकाळी त्या गॅलरीत उभ्या राहून गल्लीकडं बघायच्या. माझ्या कॉलेजात पूर्वपरीक्षा सुरू झाल्या होत्या, पेपरांचे गठ्ठे घरी यायचे, दिवसभर बोलून घसा बसायचा. तरी रोज थोडं वाचायचंच, असं मी ठरवलं होतं. डोंगर आता घाटमाथ्यावर पोचला होता. शेवटची प्रकरणं राहिली होती. मी स्वतः ती उघडूनही बघितली नव्हती. शेवट दोघींनी मिळून कळून घ्यायचा, असा माझा माझ्याशीच करार होता.

एके दिवशी गॅलरीतून आत येता येता आत्ती म्हणाल्या, "गावाकडं आता हरभरा काढायला आला असंल."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, झालं. यांना घराची ओढ लागली, आणि माझ्यासाठी म्हणून राहिल्यात. शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्तींना गावी सोडून ये. त्या बोलत नाहीत, पण त्यांचं मन तिकडं आहे." त्यानं आईला विचारलं, "आई, जायचं का गावाला?" आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी हसून म्हणाले, "तुमचा हरभरा वाट बघत असेल." त्या म्हणाल्या, "व्हय. जाऊ या."

रविवारी सकाळी दोघं गेली. मी खालपर्यंत सोडायला गेले. गाडीत बसताना आत्ती म्हणाल्या, "घशाला जप." आणि काच वर केली.

त्यानंतरही रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी सवयीनं चहाचं आधण दोघींपुरतं ठेवायची. पुस्तक खुर्चीवरच होतं. एकदोनदा उघडलं. वाक्यं इंग्रजीच राहिली, त्यांतलं कुणीच निपाणीचं बोलेना. घरात एकटीनं राहण्याची मला सवय होती. कुणी विचारलं तर मी म्हणायची, बरंच आहे, वाचायला वेळ मिळतो. आता वेळ होता, आणि वाचवत नव्हतं.

फोनवर वाचून बघितलं. आत्ती फोन कानापासून लांब धरायच्या, मधेच गल्लीतली कुणीतरी काहीतरी विचारायची, आवाज तुटायचा. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. फोनवर डोंगर ल्हान वाटतोय."

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला आम्ही गावी गेलो. विहारातला कार्यक्रम झाला, जेवणं झाली, नवरा मित्रांकडं गेला. दुपारी मी आत्तींना शोधत बाहेर आले, तर त्या शेजारच्या घराच्या सावलीत बसलेल्या. भोवती गल्लीतल्या बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हात आपले चाललेले. आणि आत्ती बोलत होत्या. 'व्हय' आणि 'न्हाय'मध्ये दिवस काढणाऱ्या माझ्या आत्ती सलग, हातवारे करून बोलत होत्या.

"तर डोंगर काय म्हणतोय, मी डोळं मिटून उडतो, तुमीच मला वाट सांगा..."

मला बघून त्या थांबल्या. एक तरुण बाई म्हणाली, "तुमीच व्हय त्या डोंगरवाल्या?" सगळ्या हसल्या. मीही टेकले. "चालू द्या, आत्ती," मी म्हणाले, "मलाही ऐकायचंय."

त्या जरा अवघडल्या, पण बायका सोडेनात. मग त्यांनी सांगितलं, आणि मी ऐकत गेले. नावाडी होता, बोकड होता, चिंच होती. पण एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "लोक म्हणायचे डोंगराला उंचीची भीती वाटती. तसं काय नव्हतं. आपून वर गेलो की खालची जागा मोकळी पडंल, आणि परत यीस्तवर तितं दुसरंच कोण तरी बसंल, त्याची भीती वाटायची त्याला."

विड्या वळणारे हात क्षणभर थांबले. एक म्हातारी म्हणाली, "खरं हाय बाई."

बायका पांगल्यावर मी आत्तींना म्हणाले, "ते जागेचं पुस्तकात नाही, आत्ती."

"न्हाय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं तू गाळलीस."

आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो होतो. मला धीर आला. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा गावी यायचं होतं ना? हरभऱ्याच्या वेळी?"

"मला?" त्या म्हणाल्या. "तूच म्हणालीस की, हरभरा वाट बघतोय."

"तुम्हीच आधी हरभऱ्याचं बोलला होता. मला वाटलं, तुम्हाला ओढ लागली."

"ओढ असती की. पण ओढ असली म्हंजे लगीच जायाचंच असतंय व्हय? तुजा घसा बसलावता. पेपर तपासून दमायचीस आणि वर मला वाचून दाखवायचीस. म्हटलं, आपण ऱ्हायलो तर ही काय थांबायची न्हाय."

शेवटी वर्षानुवर्षं मनात राहिलेलं विचारून टाकलं. "आणि आत्ती, मी वाचत बसले की तुम्ही केरसुणी घ्यायचा. तुम्हाला माझं वाचणं आवडायचं नाही का?"

आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या, मी एखादं परक्या मुलखातलं बोलत असल्यासारखं.

"तू वाचत बसलेली असायचीस," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून तर मी झाडायला घ्यायची. न्हाय तर तूच उठली असतीस. आणि तरी उठायचीसच. मला वाटायचं, हिला माजं झाडणं पसंत पडत न्हाय."

आम्ही दोघी हसायला लागलो. तेवढ्या एकदाच, एकाच गोष्टीवर, एकाच वेळी. हसणं थांबल्यावर मला इतकी हुरहूर लागली, की इतकी वर्षं हे उंबऱ्यावर बसणं कुठं होतं?

निघताना त्या म्हणाल्या, "पाऊस सरला की येते. डोंगर ऱ्हायलाय न्हवं अजून."

पाऊस सरायच्या आधीच त्या गेल्या. श्रावणात, सकाळी भाकरी थापता थापता. शेजारणीनं फोन केला तेव्हा मी वर्गात होते. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, असं ती म्हणाली. नवरा विजयपूरहून थेट गावी आला. मी बेळगावातून गेले. त्या दिवसांविषयी मला फारसं लिहिता येत नाही. माणसं येत होती, वंदना होत होती, आणि मी घरात काम करत राहिले, कारण काम थांबलं की त्यांची जागा दिसायची.

पुस्तकाचा शेवट मी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वाचला. चांगला आहे. लेखकानं सगळे धागे नीट जुळवलेत, डोंगर समुद्रावर पोचतो, जादूगारीण प्रधानाला पुन्हा माणूस करते आणि तो कुरकुर करतो. मी पानापानावर थांबून आत्ती इथं हसल्या असत्या का, हे शोधत राहिले. मला काही सापडलं नाही.

दिवाळीनंतर घर आवरायला आम्ही पुन्हा गावी गेलो. भांडी बांधून झाली, मी दारात बसले होते. समोरच्या सावलीत विड्या वळणाऱ्या त्याच बायका होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. कुणीतरी चहा आणला. आत्तींच्या आठवणी निघाल्या, आणि मग त्या तरुण बाईनं विचारलं, "वैनी, त्या पुस्तकात शेवट काय हाय ओ? म्हातारीनं आमाला सांगितलाच न्हाय. म्हणायची, सुनंनं वाचल्यावर सांगते."

मी सांगायला लागले. डोंगर घाट उतरतो, त्याच्या पाठीवर राजा, जादूगारीण...

"आणि ती गोष्टी सांगणारी बाई?" एकीनं विचारलं.

"कुठली बाई?"

"ती न्हाय का, डोंगराच्या पाठीवर बसती ती. डोंगराला भीती वाटती म्हणून त्याला गोष्टी सांगत असती, त्यानं खाली बघू ने म्हणून. लई हसती सांगताना."

पुस्तकात अशी कुणी बाई नाही. मी कधी गाळलेल्या पानांतही नाही. माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली.

"असं न्हाय गं," शेजारची म्हातारी तिला म्हणाली. "तू नीट ऐकलीच न्हाईस. भीती त्या बाईलाच वाटती. घरात एकटीच असती ती. डोंगराला ते ठावं असतंय. म्हणून त्यो भ्याल्यागत करतोय, तिनं गोष्ट सांगत ऱ्हावं म्हणून."

"काय तरीच! डोंगर भितोय, हे पयल्यापास्नं हाय."

"आगं, तुला सांगितलं तवा तसं सांगितलं असंल. मला म्हातारीनं शेवट-शेवटला सांगितलेलं हे."

दोघी भांडायला लागल्या. बाकीच्या हसत होत्या, कुणी एकीची बाजू घेत होती, कुणी दुसरीची. सुपांतली पानं वाऱ्यानं उडू लागली तशी कुणीतरी त्यांवर हात ठेवला. मग त्या माझ्याकडं वळल्या. "वैनी, तुमी सांगा. तुमाला ठावं असंल. कोण कुणासाठी भितंय?"

मी एकटी आहे, हे मी कुणालाच कधी बोलले नव्हते. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, आत्तींना तर नाहीच. त्या बायका उत्तरासाठी थांबल्या होत्या. पलीकडं नवरा सामान गाडीत भरत होता आणि मधूनमधून हाक मारत होता.

"थोडं थांब," मी त्याला म्हणाले, आणि त्या म्हातारीच्या जवळ सरकून बसले. "मावशी, त्यांनी ते कसं सांगितलं होतं, ते पहिल्यापासून सांगा. त्यांच्याच शब्दांत."